पत्र्याखालचा कागद

“आये, पत्र्याखाली कागद घालू का नको?”

शिडीच्या चौथ्या पायरीवरून मी विचारलं. विचारलं ते आपलं उगाच, कारण माझं मनात ठरलेलं होतं. आणि विचारायचंच होतं तर ते आयेला नव्हे. ज्याला विचारायला हवं होतं तो माणूस त्याच भिंतीच्या आतल्या अंगाला कॉटवर पडून होता आणि त्याला बोलता येत नव्हतं.

तो माणूस म्हणजे माझा बा, धाकू ढेबे. महाबळेश्वराच्या अलीकडच्या वाड्यावस्त्यांवर चाळिशीच्या पुढच्या कुणालाही विचारा, हे नाव ठाऊक असतं. आमच्याकडचा पाऊस वरून कमी पडतो आणि बाजूने जास्त मारतो. पश्चिमेचा वारा त्याला असा फेकतो की उघडी मातीची भिंत आठ दिवसांत गुळाच्या ढेपेसारखी पाघळते. म्हणून पावसाच्या आधी घराच्या पश्चिमेला गवताची झडी बांधायची. कारवीच्या काठ्यांचा सांगाडा, त्याच्यावर दाट गवताच्या पेंढ्या, वरपासून खालपर्यंत. घराला घोंगडं पांघरावं तसं. वैशाखात बांधायची, दसरा झाला की उतरवायची. बाने चाळीस वर्षं हेच केलं. साहेबलोकांचे बंगले असोत नाहीतर धनगराचं खोपट, झडी धाकूनेच बांधावी.

आणि धाकूचा पोरगा, म्हणजे मी, पत्रेवाला. झडीच्या जागी भिंतीला पत्रे ठोकणारा. वाईला एका दुकानात तीन वर्षं राबून मी ते काम शिकलो होतो. गवत एका पावसात कुजतं, पत्रा एकदा ठोकला की पंधरा वर्षं बघायला नको, असं मी गिऱ्हाइकाला छाती ठोकून सांगायचो. माझं एक काम वाढलं की बाचं एक घर कमी व्हायचं. त्यावरून आमचं कधी भांडण झालं नाही. रात्री भाकरी मोडताना तो एवढंच विचारायचा, “आज कुणाचं घर डब्यात घातलंस रं, जानू?”

आदल्या नवरात्रात, दुसऱ्या माळेला, त्याच्यावरून वारं गेलं. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. उरला तो डावा हात आणि डोळे. लोकांच्या झड्या त्याचा जोडीदार भागोजीमामा याने एकट्याने उतरवल्या. आमच्या घराची झडी बा दरवर्षी सगळ्यांच्या शेवटी उतरवायचा, तो त्याचा नेम होता. त्या वर्षी ती कुणीच उतरवली नाही. साताऱ्याचा दवाखाना, मग झाडपाला, मग देवऋषी, यातच दिवाळी गेली, संक्रांत गेली, शिमगाही गेला. झडी आपली भिंतीला चिकटून राहिली.

मे महिन्यात त्या दिवशी सकाळी मी ती ओढून काढली. वरचं गवत वाळून कोळ झालं होतं, पण खालचं काळं पडून शेणासारखं भिंतीला बसलं होतं. ते खरवडलं, तर भिंत कंबरेएवढ्या उंचीपर्यंत काळपट दिसली. डाग असतील असं मी धरून चाललो. दुसऱ्या दिवसापासून एका बंगल्याचं काम घेतलं होतं, आणि खोऱ्यावर वळवाचे ढग चढायला लागले होते. आज पत्रे चढले तर चढले, नाहीतर पाऊस डोक्यावर.

कागद होता तो स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांवर अंथरतात तो काळा मल्चिंगचा कागद. आये ज्या मळ्यात रोजाने जायची तिथल्या मालकाने उरलेलं भेंडोळं तिला दिलं होतं.

“घाल की,” आये खालून म्हणाली. “लई गुणाचा कागद हाय. ह्येच्याखाली माती आठ आठ दिस वली ऱ्हाती. पाणीसुदिक कमी घालावं लागतं.”

“म्हंजे थेंबभर पाणी आरपार जात न्हाय.”

“न्हायच जात.”

“मग झालं तर. पत्र्याच्या सापटीतनं चुकून पाणी शिरलं तरी भितीला लागायचं न्हाय.”

एवढ्यावर निकाल झाला. आम्ही दोघंही अडाणी नव्हतो. आयेने पंधरा वर्षं तो कागद अंथरला होता, मी पन्नास घरांना पत्रे ठोकले होते. दोघांच्या तोंडून सगळं बोलून झालं होतं आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही.

मी वरच्या वाशाला कागद ठोकला आणि खाली सोडला, तेवढ्यात आतून आवाज आला. थाप्. थोडा वेळ काही नाही. मग परत थाप्.

“तुझा बा बोलावतोय,” आये म्हणाली.

मी आत गेलो. बाची कॉट पश्चिमेच्या भिंतीला लागून होती, डावा हात भिंतीकडे. त्याने तळवा भिंतीवर सपाट टेकवला होता. मला बघितल्यावर त्याने भिंतीवर थाप मारली, परत तळवा टेकवला आणि माझ्याकडे डोळे लावले. तोंडातून नुसतं “आँ, आँ” येत होतं.

“काय पायजे बा? पाणी?”

मान हलली. नको.

“गवत बांधायला पायजे हुतं, आसं म्हंतोस?”

त्याने डोळे गच्च मिटले आणि उघडले. थाप मारली. तळवा टेकवला.

“भीत व्हय? बघितली म्या भीत. खडखडीत हाय. तू नगं काळजी करू.”

बघितली होती, ते खरंच होतं. शिडीवरून बघितली होती. बा माझ्याकडे बघत राहिला आणि मी बाहेर येऊन पहिली रीप ठोकली. कागदावर लाकडाच्या रिपा, रिपांवर पत्रे, प्रत्येक स्क्रूखाली रबराची चकती. संध्याकाळी गडगडून वळीव आला तेव्हा शेवटचा पत्रा बसला होता. मी ओसरीवर बसून बिडी ओढत पत्र्यावरचा ताशा ऐकत होतो आणि स्वतःवर भलताच खूश होतो.

पहिला महिना मजेत गेला. जून लागला, डोंगर धुक्यात बुडाला, पाऊस रात्रंदिवस मारत होता, आणि आमच्या भिंतीला बाहेरून थेंब लागत नव्हता. वस्तीवरची माणसं येऊन बघून गेली. बा मात्र बदलला. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि डावा तळवा भिंतीला लावून ठेवायचा. जेवण भरवायला आये बसली की नाइलाजाने इकडे वळायचा, चार घास झाले की परत भिंतीकडे. मी खोलीत गेलो की थाप मारायचा. माझ्या पायांचा आवाज त्याला कळायचा.

“रुसलाय तुझा बा,” आये म्हणाली. “आपल्याच घरावर पत्रा आला त्ये त्येला सोसंना.”

“रुसू दे,” मी म्हणालो. “गवत बांधून आजवर काय माडी बांधली त्येनं?”

खोलीचं दार उघडं होतं. आतली थाप थांबली. त्याने ऐकलं असणार. कान त्याचे शाबूत होते. हे वाक्य मला परत तोंडात घालता आलं असतं तर मी ते घातलं असतं, पण तसं काही करता येत नाही.

जुलैच्या मध्यावर चुन्याला फोड आले. आधी कॉटच्या पायथ्याशी एक, मग ओळीने. बोटाने दाबलं की पोपडा गळून पडायचा. बाच्या वाकळेला कुबट वास यायला लागला. खुंटीवरच्या सदऱ्यावर पांढरी बुरशी आली. आणि बाला खोकला लागला. तोही असा, की छातीत काहीतरी भरलंय आणि ते वर काढायची ताकद नाही. एका अंगाच्या माणसाला खोकतासुद्धा धड येत नाही, हे मला तेव्हा कळलं. आये त्याला उठवून बसवायची, पाठ चोळायची, आणि तो धापा टाकत भिंतीकडे हात करायचा.

मला वाटलं, कुठेतरी स्क्रूतून पाणी शिरतंय. प्लॅस्टिकचा कागद डोक्यावर बांधून भर पावसात मी बाहेर गेलो आणि एकेक स्क्रू तपासला. एकही सैल नव्हता. तरी प्रत्येकाभोवती डांबर भरलं, पत्र्यांच्या जोडाला भरलं, खालची कड जमिनीलगत एक बोट उघडी होती तीही मातीचा बांध घालून बुजवली. आता मुंगी शिरणार नाही, असं बंद केलं. आठ दिवसांत पोपडे छातीएवढ्या उंचीवर गेले.

डॉक्टर खालच्या गावात. रस्ता दरडीने बंद. मी चालत जाऊन गोळ्या आणल्या. डॉक्टर म्हणाले, पेशंटला कोरड्या जागेत ठेवा. श्रावणात, आमच्या डोंगरावर, कोरडी जागा!

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी पाऊस जरा हटला. मधला ओढा उतरला तसा पलीकडच्या वस्तीवरून भागोजीमामा आला. बाला बघायला तो महिनाभर तळमळत होता. इरलं ओसरीवर टाकून तो थेट आत गेला, मीही मागे गेलो. बा नेहमीसारखा पडला होता, तळवा भिंतीला.

भागोजीमामा दारातच हसला. “आरं धाकू! आजून वल बघतुयास व्हय? सुटली न्हाय सवय?”

बाने मान वळवली. मामाला बघून त्याच्या डोळ्यांतून जे पाणी सुरू झालं ते थांबेना. डाव्या हाताने त्याने भिंतीवर थाप मारली. थाप्, थाप्, थाप्. एवढ्या जोराने की पोपडे कॉटवर गळले.

“कसली वल मामा?” मी विचारलं.

“कसली म्हंजे? बानं शिकिवलं न्हाय तुला?” मग त्याच्या ध्यानात आलं, की मी कधी शिकायला गेलोच नव्हतो. “दसऱ्याला झडी उतरली का काम संपत न्हाय लेका. म्हैना-दीड म्हैना घरोघर जाऊन भितीला तळवा लावून बघायचा. गार लागली तर आत वल हाय. कोमट लागली का भीत सुकली. चार म्हैनं गवत पांघरून भीत घाम गाळत आसती. तिला ऊन द्यावं लागतं, वारं द्यावं लागतं. तवा कुठं पुढल्या साली झडी बांधायची. तुझ्या बानं भीत कोमट लागल्याबिगर कुणाच्या घराला हात लावला न्हाय. येका साह्यबाला पंधरा दिस ताटकळत ठिवलं हुतं.”

त्याने पुढे होऊन बाच्या हाताशेजारी आपला तळवा टेकवला. लगेच काढला आणि धोतराला पुसला.

“जानू, ह्यी झडी कवा उतरिवली हुती?”

“मेमधी.”

“आन् पत्रा कवा ठोकलास?”

“त्याच दिशी.”

“पत्र्याखाली काय हाय?”

मी आयेकडे बघितलं. आये दारात उभी होती, पदर तोंडावर दाबून. तिला माझ्या आधी कळलं होतं. मे महिन्यातलं आपलंच बोलणं तिला आठवलं होतं.

“मल्चिंगचा कागद,” ती म्हणाली. “वल धरून ठिवतोय त्यो.”

बा माझ्याकडे बघत होता. रागाने नव्हे. राग असता तर बरं झालं असतं. तीन महिने तो मला एकच गोष्ट सांगत होता, दिवसातून दहा वेळा सांगत होता, आणि मी ती रुसवा म्हणून बाजूला टाकली होती.

मी तसाच पाना घेऊन बाहेर पळालो. कोपऱ्यातल्या पत्र्याचे खालचे चार स्क्रू काढले, पाचवा ढिला केला, आणि वाऱ्याने पत्रा असा उचलला की माझा खांदा निखळायचाच राहिला. कागद फाटला. आतून भिंतीचा वास आला, बंद रांजणाला येतो तसा. आणि पाऊस परत सुरू झाला. बघता बघता उघड्या भिंतीवर आडव्या सरी बसल्या आणि माती पाघळायला लागली. तांबडं पाणी माझ्या पायांवरून वाहत होतं.

“बंद कर! बंद कर त्ये!” मामा मागून धावत आला. “भीत बसंल, लेका! घर खाली येईल!”

“मग करू काय?”

“काय न्हाय करता येत.”

“आसं कसं न्हाय करता येत?”

“आता दसऱ्यापातुर काय न्हाय करता येत जानू. उघडी ठिवली तर पाऊस खाईल, झाकून ठिवली तर आतनं कुजंल. पावसाला थांब म्हनून कोन सांगनार?”

दोघांनी मिळून पत्रा दाबून धरला आणि मी तेच स्क्रू परत आवळले. आपल्या हाताने केलेलं चुकीचं काम आपल्याच हाताने पुन्हा पक्कं करण्याची ती वेळ मी शत्रूवरही आणणार नाही. बैल गेला अन् झोपा केला म्हणतात. इथे बैल समोर उभा होता, झोपाही उभा होता, आणि झोपाच बैलाला मारत होता.

बाला आम्ही चुलीच्या खोलीत हलवलं. तिथे धूर होता, पण ऊब होती. पहिले दोन दिवस त्याचा डावा हात हवेत भिंत शोधत होता. मी हात धरला तर त्याने तो सोडवून घेतला नाही, माझा हात धरलाही नाही, नुसता राहू दिला. मी म्हणालो, “बा, कळलं मला. चुकलं माझं.” त्याने डोळे मिटले. खोकला थोडा उतरला, मग परत चढला. रोज सकाळी उठून मी दार उघडायचो आणि पश्चिमेकडे बघायचो. तेच धुकं, तीच झड. माझ्या हातात पाना होता, अंगात ताकद होती, आणि पाऊस संपण्याची वाट बघण्यापलीकडे मला काहीही करता येत नव्हतं. मामा येऊन बसायचा आणि बाला कुणाच्या भिंतीची काय हालत आहे ते सांगायचा. त्या वेळी बाचा चेहरा जरा हलायचा.

भाद्रपदात, गौरी गेल्या त्याच्या तिसऱ्या दिवशी, दुसरा झटका आला. बा वाचला, पण डावा हातही गेला. हलायचा थोडा, पण त्यात जाणीव राहिली नाही. आयेच्या हातून भाकरीचा चटका बसला तरी त्याला कळला नाही. मी डॉक्टरांना विचारलं, हे ओलीमुळे झालं का? डॉक्टर म्हणाले, झटक्याचा आणि ओलीचा काही संबंध नाही. छातीचा असेल. मी तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं. मला काही ते पटलेलं नाही आणि न पटल्याचंही कुणाला सांगता आलेलं नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ऊन पडलं. मी सगळे पत्रे काढले, रिपा काढल्या, कागद ओरबाडून काढला. आतल्या अंगाला त्याला थेंब लोंबत होते. भिंतीच्या बुडाचा लाकडी पाट इतका कुजला होता की बोटाने उकरता येत होता. भागोजीमामाने एक दगड लावून कोपरा सावरला आणि म्हणाला, “टिकंल. ऊन खाऊ दे आता.”

मग मी रोज दुपारी भिंतीला तळवा लावायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा. गार. दुसऱ्या दिवशी गार. दिवाळीला गार. तळव्याला इतकं स्पष्ट कळत होतं की मला स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटायची. मे महिन्यात शिडीवरून उतरून एकदा हात लावला असता तर काम झालं असतं. शिकायला काही नव्हतंच त्यात.

तुळशीच्या लग्नानंतर एका दुपारी भिंत कोमट लागली. मला खरं वाटेना. हात पुसून परत लावला. मग मी आत गेलो, बाला उचललं आणि बाहेर उन्हात आणून भिंतीशी बसवलं. त्याचं ओझं लहान पोरासारखं झालं होतं. आयेने मागून त्याला टेकू दिला. मी त्याचा डावा हात धरून तळवा भिंतीवर सपाट टेकवला.

“सुकली बा. बघ.”

बाने भिंतीकडे बघितलं. मग हाताकडे बघितलं. हात भिंतीवर होता, पण त्याला काही लागत नव्हतं. चाळीस वर्षं ज्या तळव्याने शेकडो घरं ओळखली, त्याला आता आपल्या घराची भिंत दगड आहे का लाकूड, तेही सांगता येत नव्हतं.

“कोमट हाय बा. आयेच्यान. बघितली म्या.”

बोलून गेलो आणि जीभ चावली. मे महिन्यात मी हेच म्हणालो होतो. बघितली म्या भीत.

बाने मान हळूहळू वळवली. तो भिंतीकडे बघेना, माझ्या तोंडाकडे बघायला लागला. मी त्याच्या हाताशेजारी माझा तळवा टेकवला आणि तसाच ठेवला. तो बघत राहिला. भिंत कशी आहे, हे त्याला आता माझ्या तोंडावरूनच वाचायचं होतं, आणि त्या तोंडाने त्याला एकदा फसवलं होतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी बा गेला. आज पंचवीस वर्षं झाली. मी अजून पत्रे ठोकतो. पत्र्याखाली कागद लागतो का, असं कुणी विचारलं की आधी त्याच्या भिंतीला तळवा लावतो, आणि कधीकधी काम सोडून परत येतो. पण त्या दुपारी उन्हात बाने बराच वेळ माझ्याकडे बघून शेवटी डोळे मिटले. ते विश्वास ठेवून मिटले की थकून, हे मला कळलं नाही. विचारायची सोय नव्हती.